तुळशीबागेच्या पुढची आळी

पुण्यात तुळशीबाग माहीत नाही अशी बाई शोधून सापडायची नाही. झारे, सोऱ्या, देवाची उपकरणी, बांगड्या, टिकल्या. पिशवी रिकामी नेली तरी भरूनच परत येते. २०२४ साली मंडईला भुयारी मेट्रोचे स्थानक झाले आणि पिंपरीच्या मैत्रिणींनाही ही खेप सोपी झाली. पण तुळशीबागेतून बाहेर पडलो की आपली पावले सवयीने लक्ष्मी रस्त्याकडे वळतात. आज थोडी वेगळी वाट धरू या. मंडईची १८८६ सालची दगडी इमारत मागे टाकायची आणि रविवार पेठेत शिरायचे. थोडे चालले की येते ती बोहरी आळी.

तुम्ही म्हणाल, तिथे आपले काय काम? तिथे तर खिळे, साखळ्या, दोरखंड आणि रंगाचे डबे मिळतात! अहो, म्हणूनच तर जायचे. जरा घरात नजर फिरवा. नव्या पडद्याची कांब खिडकीपेक्षा चार बोटे लांब निघते. गच्चीवर कारल्याच्या वेलाला मांडव करायचा तर सळया हव्यात, आणि त्याही एका मापाच्या. न्हाणीघरातली कपडे वाळत घालायची दांडी, तुळशीच्या कुंडीचे स्टँड, जुन्या पाळण्याचा गज, सगळीकडे लोखंड आहे, आणि कधी ना कधी ते कापायची वेळ येते. दोन तुकडे कापायला फॅब्रिकेशनवाला घरी येत नाही. ‘उद्या येतो’ म्हणतो, तो उद्या काही उजाडत नाही. मग घरातले कोणी तरी शेजाऱ्यांचे ग्राइंडर मागून आणते, गॅलरीत उकिडवे बसते आणि ठिणग्या उडवू लागते. धोका सुरू होतो तो इथे.

आळीत शिरताना

सकाळी गर्दी कमी असताना जा. आळी अरुंद, त्यात हातगाड्या, टेंपो आणि डोक्यावर ओझे घेतलेले हमाल. पदर खोचलेला बरा आणि पर्स छातीशी धरलेली बरी. बोहरी व्यापाऱ्यांवरून आळीला हे नाव पडले. दुकाने लहान असली तरी आत खोल असतात. बाहेर बादल्या, ब्रश आणि काथ्याच्या गुंड्या लटकलेल्या, आत भिंतभर लहान लहान खण. कुठल्या खणात कोणता स्क्रू, हे गल्ल्यावरच्या माणसाला डोळे मिटूनही सांगता येते.

आम्ही तिघी गेलो, तेव्हा पहिल्याच दुकानात गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, “ताई, साहेबांना पाठवा ना, ते बघून घेतील.” रागावू नका. त्याला वाटते, बाईमाणूस चुकीची वस्तू नेणार आणि संध्याकाळी परत करायला येणार. यावर उपाय एकच, नेमके मागायचे. “आठ एमएमची सळई कापायची आहे, बारा इंची चोवीस दाती पाते द्या, हाय स्पीडचे,” असे म्हटले की साहेब आपोआप विसरले जातात. पुढच्या दुकानातले वयस्कर काका तर आम्ही काही मागायच्या आतच म्हणाले, “आधी कापायचं काय ते सांगा.” चांगला दुकानदार असा ओळखावा. हत्यार दाखवण्याआधी तो वस्तू विचारतो.

बायकांच्या साप्ताहिकात लोखंड कशाला, असे कोणाला वाटत असेल तर एक आठवण देते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, ती लोखंडी नांगरांच्या कारखान्यासाठी. त्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केले. मराठीत लोखंडाचा आणि बायकांच्या पानांचा शेजार तसा जुना आहे.

आधी कांब ओळखा

भेंडी चिरायला आपण सुरी घेतो आणि सुरणाला विळी. लोखंडाचेही तसेच आहे. कापायचे काय, ते चार प्रश्नांत कळते. कांब भरीव की पोकळ? जाडी किती? धातू कोणता? आणि कडक किती?

पडद्याची दांडी बहुधा पोकळ असते, स्टेनलेस स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची. वेलाच्या मांडवाला लागते ती ६ किंवा ८ मिलिमीटरची भरीव सळई. बांधकामातून उरलेली, अंगावर कंगोरे असलेली सळई असेल तर तिचे वागणे बटाटेवड्यासारखे. वरचा थर कडक, आतला गाभा त्यामानाने नरम. म्हणून पाते सुरुवातीला सरकतच नाही असे वाटते. घाबरू नका, वरचा थर सुटला की ते चालू लागते.

सळई वजनावर विकतात, तेव्हा हिशेब आपल्याला यायला हवा. सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा त्याच आकड्याने गुणा आणि १६२ ने भागा. येते ते एक मीटर सळईचे वजन किलोत. ८ मिलिमीटरची सळई घेतली तर आठ आठे चौसष्ट, भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ४०० ग्रॅम. दहा मीटर घेतली तर चार किलोच्या आसपास काटा दिसला पाहिजे. भाजीवाल्याचा काटा बघणाऱ्या बाईला हे काय अवघड!

पकड आधी, धार नंतर

आता महत्त्वाची गोष्ट. कापण्याचे हत्यार घ्यायला आलेल्या बाईने आधी धरण्याचे हत्यार घ्यावे. एक पाय कांबेवर, एक हात करवतीवर, हे दृश्य आपण घरोघर पाहतो. बोटे कापतात ती धारेमुळे कमी आणि कांब फिरल्यामुळे जास्त. विळीवर बसताना आपण आधी पाट दाबून बसतो ना? त्याशिवाय नारळ खोवायला हात घालत नाही. तसेच हे.

याला व्हाइस म्हणतात. जुने कारागीर शेगडा म्हणतात. घरासाठी ३ किंवा ४ इंची जबड्याचा पुरे. भिंतीतले कायमचे टेबल नसेल तर खालून स्क्रूने टेबलाला आवळता येणारा घ्या, पण टेबल मात्र हलणारे नको. डायनिंग टेबलाला लावू नका, दोन्ही बिघडतील. चकचकीत दांडीवर जबड्याचे दात उमटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या ठेवा. पोकळ दांडी फार आवळली तर चेपते. आत बसेल असा लाकडी दांडका सरकवला की चेपत नाही आणि कापही सरळ येतो. कापायची खूण जबड्यापासून बोटभर अंतरावरच ठेवा. लांब बाहेर ठेवली की कांब थरथरते आणि पाते मोडते. दुसरे टोक लांब असेल तर त्याच्याखाली स्टूल सरकवा.

दात मोजून पाते घ्या

घरातल्या शंभरातल्या नव्वद कामांना साधी हॅकसॉ पुरते. दुकानात ‘हेक्सा’ म्हणा, लगेच समजेल. चौकट घट्ट, मूठ हाताला बसणारी आणि पाते ताणायचा स्क्रू नीट फिरणारा, एवढे पाहून घ्या. पाते बारा इंची, म्हणजे ३०० मिलिमीटरचे येते. त्याच्यावर एका इंचात किती दात तो आकडा छापलेला असतो. १४, १८, २४ किंवा ३२.

नियम सोपा आहे. कापताना निदान तीन दात एका वेळी धातूवर टेकले पाहिजेत. दात मोठे आणि वस्तू पातळ असेल तर कड दोन दातांमध्ये अडकते आणि दात तुटतात. तेव्हा ६ ते ८ मिलिमीटरच्या सळईला २४ दाती, त्याहून जाड सळईला १८ दाती, पातळ नळीला ३२ दाती. एकच घ्यायचे असेल तर २४ दाती घ्या. पात्यात स्वस्त आणि महाग असा फरक आहे. स्वस्त पाते पापडासारखे मोडते आणि त्याचा तुकडा तोंडावर उडू शकतो. हाय स्पीड किंवा बायमेटल असे लिहिलेले पाते जास्त टिकते, आणि बायमेटल तर वाकले तरी सहजासहजी मोडत नाही.

पाते लावताना दात पुढच्या दिशेला. पुढे ढकलताना जोर, मागे घेताना हलके. खुणेवर आधी कानशीने लहानशी खाच पाडा, म्हणजे पाते घसरणार नाही. पात्याला वाट दाखवायला अंगठा लावू नका. सगळ्या लांबीने, सावकाश, मिनिटाला चाळीस ते पन्नास फेऱ्या. शिवणयंत्रासारखी घाई नको. लोखंडाला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. शेवटचा भाग राहिला की जोर काढून घ्या, नाही तर पाते सुटते आणि मूठ जबड्यावर आदळते. अर्ध्यावर पाते मोडले तर नवे पाते जुन्या चिरेत घालू नका. नवे थोडे रुंद कापते, ते अडकते आणि तेही मोडते. कांब फिरवून दुसऱ्या बाजूने सुरुवात करा.

आट्यांची सळई कापायची असेल तर काकांनी सांगितलेली युक्ती लक्षात ठेवा. कापण्यापूर्वी तिच्यावर एक नट चढवून खुणेच्या मागे ठेवायचा. कापून झाले की तो कापलेल्या टोकाकडून फिरवून काढायचा. बिघडलेले आटे आपोआप सरळ होतात.

कापल्यावर टोक विळीपेक्षा वाईट बोचते. त्यावर कानस फिरवल्याशिवाय कांब घरात आणू नका. आणि कानस मुठीसकटच घ्या. बिनमुठीच्या कानशीचे टोक तळव्यात घुसते.

दोन प्रकारचे कटर

पडद्याची पोकळ दांडी हेच तुमचे मुख्य काम असेल तर हेक्साऐवजी पाइप कटर पाहा. मुठीएवढे असते. त्यात एक लहान धारदार चाक असते. दांडीभोवती ते फिरवायचे, प्रत्येक फेरीला स्क्रू थोडा आवळायचा. ठिणगी नाही, आवाज नाही, काप सुरीने कापलेल्या वडीसारखा. स्टेनलेसची दांडी असेल तर चाक स्टेनलेससाठी चालते का, ते विचारून घ्या. भरीव सळईला मात्र हे उपयोगाचे नाही.

दुसरे बोल्ट कटर, म्हणजे दोन लांब मुठींचा अडकित्ताच म्हणा ना. बारीक सळई एका दाबात तोडतो. तो कितपत जाड सळई तोडतो ते त्याच्यावर किंवा खोक्यावर लिहिलेले असते. त्यापलीकडे जाऊ नका. स्प्रिंगची तार, काँक्रीटचे खिळे, कडक साखळी यांच्यावर तर मुळीच चालवू नका. तोंडाला खांडे पडतात आणि तुकडा गोळीसारखा उडतो. तोडताना लहान तुकडा जमिनीकडे असू द्या आणि मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा. याने टोक चेपून पाचरीसारखे होते, तेव्हा पुन्हा कानस आलीच.

इडलीचे नव्हे ते ग्राइंडर

आता ज्याचे सगळ्यांना आकर्षण, ते अँगल ग्राइंडर. दुकानात सगळ्यात आधी तेच पुढे करतात. “ताई, दोन सेकंदांत कापतं,” हे खरे. पण दुसरी बाजूही ऐका. ४ इंची यंत्राची चकती मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेते. हिशेब केला तर तिची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाने धावत असते, आणि ती चकती असते जेमतेम एक मिलिमीटर जाडीची.

आमच्या ओळखीच्या एका घरात भिंतीलगतचा गज कापायला गार्ड अडतो म्हणून तो काढून ठेवला होता. गज झुकला, चकती चिमटली आणि फुटली. तिचा तुकडा समोरच्या कपाटाच्या दारात रुतला. चहा घेऊन येणारी सून दोन पावले मागे होती. ते दार त्यांनी अजून बदललेले नाही, आणि त्या घरात गार्ड पुन्हा कोणी काढलेला नाही.

म्हणून घरात ग्राइंडर असेलच, किंवा घ्यायचे नक्की असेल, तर हे कागदावर लिहून यंत्राच्या खोक्यात ठेवा.

गार्ड काढायचा नाही. बाजूची मूठ लावायची आणि दोन्ही हातांनी धरायचे. चकतीवर लिहिलेला फेऱ्यांचा आकडा यंत्रावरच्या आकड्यापेक्षा जास्तच हवा. चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते. औषधाची पाहतो तशी तीही पाहायची. ओल लागलेली, पडलेली, चीर गेलेली चकती फेकून द्यायची. लाकूड कापायचे दातेरी पाते या यंत्रावर कधीही लावायचे नाही. कापायच्या पातळ चकतीच्या बाजूने घासायचे नाही. नवी चकती लावल्यावर बाजूला उभे राहून मिनिटभर रिकामी फिरू द्यायची. चकती बदलताना प्लग काढायचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. आणि बटण बंद केल्यावर चकती पूर्ण थांबेपर्यंत यंत्र खाली ठेवायचे नाही.

चकतीही धातू पाहून. स्टेनलेससाठी त्याच कामाची वेगळी मिळते. ॲल्युमिनियमवर लोखंडाची चकती वापरू नका, नरम धातू तिच्यात भरून बसतो आणि ती तापते. घरच्या ॲल्युमिनियमला हेक्साच बरी. जस्ताचा मुलामा असलेला पाइप ग्राइंडरने कापताना धूर निघतो, तो नाकातोंडात जाऊ देऊ नका. काम उघड्यावर करा.

ठिणग्या कित्येक फूट लांब जातात. गॅसचे सिलिंडर, रंगाचा थिनर, वाळत घातलेले कपडे आणि देवापुढचा कापूस, सगळे लांब हवे. स्वयंपाकघरात आणि त्याला लागून असलेल्या गॅलरीत हे काम नकोच. जवळ पाण्याची किंवा वाळूची बादली असू द्या, पण वीज चालू असताना पाणी ओतू नका. काम संपल्यावर अर्धा तास तिथे लक्ष ठेवा. घरच्या वीजजोडणीत ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का, ते इलेक्ट्रिशियनला एकदा विचाराच. वायरीला झटका बसण्यापूर्वी वीज तोडणारे ते साधन आहे, असे नव्हे. झटका जिवावर बेतण्याआधी ते वीज तोडते.

पदर, बांगड्या आणि डोळे

यंत्र कोणतेही असो, तयारी एकच. साडी असेल तर पदर कमरेला घट्ट खोचा. ग्राइंडर असेल तर साडी नकोच, सुती सलवार-कुडता घाला आणि ओढणी काढून ठेवा. जॉर्जेट आणि नायलॉन ठिणगीने वितळून अंगाला चिकटतात. केसांचा अंबाडा, मंगळसूत्र आत, बांगड्या आणि अंगठ्या डब्यात. पायात चपला नकोत, बंद बूट हवेत. हेक्सा चालवताना चामड्याचे हातमोजे चालतात, पण फिरत्या यंत्राजवळ सैल सुती मोजे घालू नका. दोरा अडकला की हात आत ओढला जातो.

आणि डोळे. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे. दोन्ही बाजूंनी बंद असलेला, आयएसआय छापाचा संरक्षक गॉगल घ्या, आणि ग्राइंडर असेल तर त्यावर तोंडभर फेसशील्ड. जो कापतो त्याला एक, जो कांब धरतो त्यालाही एक. डोळ्यात कण गेलाच तर चोळू नका. रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढणारे शेजारी भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. डोळा झाका आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. गंजलेल्या कांबेने जखम झाली तर वाहत्या पाण्याखाली धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे डॉक्टरांना विचारा.

तांबट आळीतून परतताना

पाय दुखत नसतील तर येताना कसबा पेठेतली तांबट आळी बघून या. आळीच्या तोंडाशीच हातोड्यांचा ठेका ऐकू येतो. तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके देऊन नक्षी उमटवतात, त्या मठारकामासाठी ही आळी प्रसिद्ध आहे. कारागीर जमिनीवर बसलेला, भांडे लोखंडी आधारावर घट्ट बसवलेले. नजर हातोड्यावर नसते, ती भांडे टेकले आहे त्या जागेवर असते. ज्यांच्या कित्येक पिढ्या धातूत गेल्या, ते आजही आधी वस्तू बसवतात आणि मग हात उचलतात. बोहरी आळीतल्या काकांनी तेच सांगितले होते.

तेव्हा खरेदीची यादी याच क्रमाने करा. पहिला गॉगल, दुसरा व्हाइस, तिसरी मुठीची कानस, चौथी हेक्सा आणि २४ दाती दोन पाती. दांड्यांचे काम असेल तर पाइप कटर. एवढे साहित्य एका पिशवीत मावते आणि वर्षानुवर्षे पुरते. ग्राइंडर सगळ्यात शेवटी, आणि खरोखर गरज असेल तरच. दहा-बारा मिलिमीटरच्या वीस सळया कापायच्या असतील तर खुणा करून त्या फॅब्रिकेशनच्या दुकानातच न्या; त्यांच्याकडे त्यासाठी १४ इंची चकतीचे मोठे यंत्र असते आणि कापण्याचे ते थोडेच पैसे घेतात. दोन सळया मात्र घरीच, आपल्याच हाताने. श्रावणात वेल चढायच्या आत मांडव उभा राहील, आणि कारली काढायला दहाही बोटे शाबूत असतील.